वाचकांचे प्रश्न : पिकअपच्या केबिनमधली हवा नेमकी कुठे अडते?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे पिकअपच्या एसीविषयी आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक पत्रांत ‘गॅस भरून घेतला, तरी फरक पडला नाही’ हे वाक्य कोणत्या ना कोणत्या रूपात आले आहे. म्हणून उत्तरांपूर्वी एक गोष्ट स्पष्ट करतो. एसीची तक्रार मुळात दोन प्रकारची असते. हवा जोरात येते पण गार नसते, ही एक. आणि हवाच पुरेशी येत नाही, ही दुसरी. पहिल्या तक्रारीसाठी गॅस, कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) आणि कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर सोडणारी जाळी) तपासावे लागतात. दुसरीसाठी ब्लोअर (केबिनमध्ये हवा ढकलणारा पंखा), फिल्टर, कूलिंग कॉइल आणि डॅशबोर्डच्या आतल्या झडपा पाहाव्या लागतात. हवा ढकलण्याचे काम गॅस करत नाही, तरीही हवा कमी झाली की गाडी गॅस भरायला नेली जाते आणि दोन-अडीच हजार रुपये खर्चून चालक पुन्हा घामाघूम होऊन गाडी चालवतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या ज्या मालमोटारी १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होत आहेत, त्यांच्या केबिनमध्ये एसी असणे आता बंधनकारक आहे. आपले बहुतेक पिकअप या वजनाच्या आत बसत असल्यामुळे हा नियम त्यांना लागत नाही. परंतु पिकअपच्या चालकाला ऊन कमी लागते असे नाही, म्हणून ही सगळी पत्रे एकत्र घेत आहे.

प्रश्न : मी नारायणगावहून वाशीच्या बाजारात टोमॅटो नेतो. रात्री दहाच्या सुमारास निघाल्यावर माळशेज घाट उतरेपर्यंत एसी उत्तम चालतो. मुरबाडच्या पुढे मात्र हवा कमी कमी होत शेवटी नुसती फुंकर उरते. ब्लोअरचा आवाज तेवढाच असतो. माल उतरवून परत निघालो की सगळे पूर्ववत. दोन महिन्यांत दोनदा गॅस भरला. गॅरेजमध्ये दिवसा गाडी दाखवली तर ‘काही बिघाड नाही’ असे सांगतात. (एक वाचक, नारायणगाव)

उत्तर : आपल्या गाडीच्या कूलिंग कॉइलवर बर्फ जमत असावा. आपण दिलेले वर्णन इतके नेमके आहे की दुसरी शंका मनात येत नाही.

कूलिंग कॉइल ही ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची, रेडिएटरसारखी दिसणारी जाळी डॅशबोर्डच्या आत बसवलेली असते. ब्लोअरची सारी हवा तिच्या पत्र्यांमधल्या बारीक फटींतून पुढे जाते. हवेतला ओलावा या थंड पत्र्यांवर पाणी होऊन साचतो आणि नळीवाटे गाडीखाली ठिबकतो. उभ्या गाडीखाली दिसणारे थारोळे ते हेच. परंतु पत्र्यांचे तापमान शून्य अंशाखाली गेले, की हे पाणी ठिबकण्याऐवजी जागीच गोठते, फटी बुजत जातात आणि ब्लोअर पूर्ण वेगाने फिरत असूनही हवेला वाट उरत नाही. आपण वाशीला माल उतरवत असता तेव्हा तोच बर्फ वितळून वाहून जातो, म्हणून परतीला एसी आपोआप ‘दुरुस्त’ झालेला असतो, आणि म्हणूनच गॅरेजमध्ये उभ्या गाडीत काहीही सापडत नाही.

आपल्या फेरीत बर्फाला सोयीच्या सगळ्या गोष्टी एकत्र येतात. रात्रीची हवा आधीच थंड असल्याने कॉइलवर उष्णतेचा भार कमी, इंजिन तासन्‌तास एकसारख्या वेगाने चालल्याने कॉम्प्रेसरला उसंत नाही, थंडी वाजते म्हणून ब्लोअर बहुधा पहिल्या नंबरवर, आणि घाट उतरताच कोकणच्या बाजूची दमट हवा. ओलावा वाढला की बर्फही वाढतो. जुन्नरच्या कोरड्या हवेत जे लपून राहते, ते मुरबाडला उघडे पडते.

खात्री करण्यासाठी पुढच्या वेळी हवा कमी झाली की एखाद्या पेट्रोल पंपावर किंवा ढाब्यावर सुरक्षित जागी थांबावे, इंजिन चालू ठेवून एसीचे बटण बंद करावे आणि ब्लोअर सर्वांत मोठ्या नंबरवर ठेवावा. दहा-पंधरा मिनिटांत गाडीखाली नेहमीपेक्षा खूप अधिक पाणी पडू लागले आणि हवेचा जोर परत आला, तर तो बर्फच होता. जोर परत आला नाही, तर मात्र खाली लासलगावच्या वाचकांना दिलेले उत्तर पाहावे.

बर्फ जमण्याची मुख्य कारणे दोन. पहिले कारण म्हणजे थर्मोस्टॅटचा बिघाड. कॉइलच्या पत्र्यांत एक बारीक सेन्सर खोचलेला असतो. पत्रे गोठण्याच्या बेताला आले की त्याने कॉम्प्रेसर थांबवायचा आणि थोडे गरम झाले की पुन्हा सुरू करायचा. कॉइल साफ करताना हा सेन्सर बाहेर निघतो आणि परत खोचायचा राहून जातो, असे मी अनेक गाड्यांत पाहिले आहे. मग तो हवेत लोंबकळत राहतो आणि कॉइल गोठली तरी त्याला पत्ता लागत नाही. डॅशबोर्डवर हवा जिथून बाहेर येते त्या मधल्या जाळीत साधा थर्मामीटर खोचून ठेवावा. तापमान दोन अंशांच्या खाली उतरत गेले आणि तरीही कॉम्प्रेसरचा क्लच (त्याला इंजिनशी जोडणारा आणि सोडणारा भाग) ‘टक्‌’ आवाज करून सुटत नसेल, तर दोष सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये आहे.

दुसरे कारण गॅस कमी असणे. हे ऐकून आपल्याला विसंगत वाटेल, परंतु गॅस कमी झाल्यावर कॉइलमधला दाब उतरतो आणि दाब उतरला की गॅस आणखी कमी तापमानाला उकळतो. आर-१३४ए हा एसीतला गॅस लो साइडच्या, म्हणजे कमी दाबाच्या बाजूच्या, गेजवर २७-२८ पीएसआय दाब असताना साधारण शून्य अंशाला उकळतो. दाब त्याहून बराच खाली राहिला, तर कॉइलचा काही भाग गोठणारच. म्हणजे हवा कमी होण्याशी गॅसचा संबंध येतो तो एवढ्याच वाटेने. पण मग दोन महिन्यांत दोनदा गॅस का भरावा लागला, हा खरा प्रश्न आहे. गॅस डिझेलसारखा खर्च होत नाही; तो बंद नळ्यांत फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर गळती आहे, आणि गळती शोधल्याशिवाय भरलेला गॅस पुन्हा उडून जाणार. आणि तो कमी नसताना वरून भरला असेल, तर जादा गॅसनेही गारवा घटतो. बॉनेटखालच्या पट्टीवर किती ग्रॅम गॅस भरायचा हे छापलेले असते. आतला सगळा गॅस यंत्राने काढून, निर्वात करून, तेवढाच वजन करून भरावा, असा आग्रह गॅरेजमध्ये धरावा.

दुरुस्ती होईपर्यंत ब्लोअर दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर ठेवावा, बाहेरची हवा घेणारी झडप बंद ठेवावी, आणि तासाभराने पाच-दहा मिनिटे एसी बंद करून नुसता ब्लोअर चालवावा. मात्र पावसाळ्यात हे घाटात करू नये. एसी बंद होताच समोरच्या काचेवर वाफ धरते, आणि माळशेजच्या धुक्यात तेवढा एक क्षणही परवडणारा नाही.

प्रश्न : माझ्या पिकअपचा ब्लोअर फक्त चौथ्या नंबरवर चालतो. पहिले तीन नंबर मृत आहेत. आठ महिन्यांत तीनदा रेझिस्टर बदलला. प्रत्येक वेळी दोन-अडीच महिने चालतो आणि जळतो. (पाण्याचे जार पोहोचवणारे एक वाचक, नागपूर)

उत्तर : चौथ्या नंबरवर मोटरला थेट वीज मिळते, पहिल्या तीन नंबरांवर ती रेझिस्टरमधून कमी होऊन मिळते. त्यामुळे रेझिस्टर जळाला की चौथा तेवढा शिल्लक राहतो. निदान बरोबर होते. पण तीनदा जळलेल्या रेझिस्टरचा दोष रेझिस्टरकडे शोधण्यात अर्थ नाही.

रेझिस्टर मुद्दामच हवेच्या वाटेत बसवलेला असतो, कारण तो तापतो आणि ब्लोअरच्याच हवेने त्याला थंड व्हायचे असते. फिल्टर तुंबला की हवा घटते आणि रेझिस्टर तापून जातो, म्हणून आधी फिल्टर पाहावा. त्यानंतर मोटर पाहावी. फ्यूज काढून, हात आत घालून पंखा बोटाने फिरवावा. तो सहज फिरून हळूहळू थांबला पाहिजे. अडखळत असेल, खरखर करत असेल किंवा बोट काढताच थांबत असेल, तर बेअरिंग वा कार्बन ब्रश संपले आहेत. अशी मोटर अधिक करंट ओढते आणि त्याची किंमत रेझिस्टर मोजतो. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे क्लॅम्प मीटर असेल तर मोटर किती अँपिअर घेते हे पाच मिनिटांत कळते.

यानंतरची तपासणी मी सर्वांत महत्त्वाची मानतो, कारण इथे आगीचा धोका आहे. रेझिस्टरचा कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड) काढून उजेडात धरावा. पांढरे प्लास्टिक एखाद्या पिनेभोवती तपकिरी झाले असेल, पिन सैल झाली असेल, वायरीचे आवरण कडक होऊन तडकले असेल, तर नुसता रेझिस्टर बदलून भागणार नाही. कपलर बदलावा आणि नव्या वायरी मूळच्याच जाडीच्या घ्याव्यात. जळक्या कपलरवर नवा रेझिस्टर बसवला, की पहिल्या दिवसापासून तो तिथेच तापू लागतो. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो कृपया मानू नये. फ्यूज उडणे हे वायरिंग वाचण्याचे लक्षण आहे.

ज्या गाड्यांत तापमान आकड्यांत ठरवण्याची सोय असते, त्यांत बहुधा असा रेझिस्टर नसून इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असते आणि ते बिघडले की बहुधा ब्लोअर पूर्ण बंद पडतो किंवा एकाच वेगाने अडकून राहतो. आपली गाडी त्यातली दिसत नाही.

प्रश्न : वर्षभरात एसीची हवा हळूहळू निम्म्यावर आली. गारवा आहे, पण झोत नाही. गाडी रोज कांद्याच्या बाजारात उभी असते. (एक वाचक, लासलगाव)

उत्तर : हळूहळू हा शब्द आपण लिहिलात, त्यातच बरेचसे उत्तर आहे. विजेचा दोष अचानक येतो. कचरा मात्र दिवसागणिक साचतो.

क्लीनरच्या बाजूचा ग्लोव्ह बॉक्स काढला की बहुतेक गाड्यांत त्याच्या मागे फिल्टरचे झाकण दिसते. ते उघडावे. आणि इथे एक गोष्ट अवश्य पाहावी : काही मालवाहू गाड्यांत झाकण असते, खाच असते, पण फिल्टर बसवलेलाच नसतो. अशा गाडीत धूळ थेट कॉइलवर जाते, तिथल्या ओलाव्यात भिजते आणि तिचा अक्षरशः चिखल होतो. फिल्टर असेल तर तो उजेडासमोर धरावा. उजेड आरपार दिसत नसेल तर झटकून परत घालू नये, नवा घ्यावा. मॅन्युअलमध्ये दहा-पंधरा हजार किलोमीटरचा आकडा असला, तरी बाजारात उभ्या राहणाऱ्या गाडीला तो लागू करणे मला पटत नाही. कांद्याच्या हंगामात महिन्यातून एकदा फिल्टर बाहेर काढून पाहावा.

कांद्याचे सालपट कागदाहून हलके असते. बाहेरच्या हवेची झडप उघडी असली, की काचेखालच्या जाळीतून ते आत ओढले जाते आणि ब्लोअरच्या पंख्याच्या उभ्या पात्यांत जाऊन बसते. काही वर्षांपूर्वी अशाच एका गाडीचा ब्लोअर मी स्वतः उतरवला होता. पंख्याच्या पात्यांमध्ये सालपटांचे थर दाबून बसले होते, गुलाबी रंग अजून ओळखू येत होता, आणि त्यांच्या मधोमध टोलची एक पावती गुंडाळी होऊन अडकली होती. ती ग्लोव्ह बॉक्सच्या फटीतून खाली घसरली असावी. पंखा धुऊन परत बसवताच हवा पूर्ववत झाली. त्या गाडीत त्याआधी गॅस भरून झाला होता, हे सांगायला नको.

घरच्या घरी तपासणी करायची असेल तर एसी बंद, ब्लोअर पूर्ण वेगाने आणि हवा केबिनच्या आतली घेण्यावर ठेवावी. क्लीनरच्या पायाशी, डॅशबोर्डखाली जिथून हवा आत ओढली जाते तिथे वर्तमानपत्राचे पान धरावे. पान चिकटून राहिले तर ब्लोअर ओढतो आहे आणि अडथळा पुढे, कॉइलवर किंवा झडपांत आहे. पान नुसते थरथरले तर पंखा आणि मोटर आधी पाहावी. फिल्टर त्या तोंडाच्या आणि पंख्याच्या मध्ये बसवलेला असेल, तर तो काढून हीच तपासणी पुन्हा करावी.

कॉइल तुंबली असेल तर प्रत्येक वेळी डॅशबोर्ड उतरवावाच लागतो असे नाही. फिल्टरच्या किंवा रेझिस्टरच्या जागेतून कॉइलसाठीचा फेस मारता येतो. तो मळ सोडवून पाण्याच्या नळीने खाली उतरतो. ॲसिड वापरू देऊ नये, ॲल्युमिनियम खाल्ले जाते. सर्व्हिसिंगच्या धारेने पाणी तर मुळीच मारू देऊ नये. पत्रे वाकले की हवेची वाट कायमची बंद होते. आणि बाजारात गाडी उभी करताना बाहेरच्या हवेची झडप बंद करण्याची सवय लावावी.

प्रश्न : मोटर जळाली म्हणून नवी बसवली. फिरते छान, आवाजही आहे, पण हवा पूर्वीच्या निम्मीसुद्धा नाही. (एक वाचक, सांगली)

उत्तर : मोटरच्या दोन वायरी उलट जोडल्या गेल्या आहेत का, हे पाहावे. ब्लोअरचा पिंजऱ्यासारखा पंखा उलट फिरला तरी हवा मागे न ओढता पुढेच ढकलतो, फक्त फारच कमी ढकलतो, म्हणून ही चूक सहज लक्षात येत नाही. कपलर मूळचा असेल तर असे घडत नाही. वायरी कापून पिळल्या असतील तरच घडते. जोडणी योग्य निघाली, तर पंखा दांड्यावर सैल तर नाही, आणि तो त्याच मापाचा आहे ना, हे तपासावे.

प्रश्न : हवा फक्त काचेवर आणि पायांवर येते, तोंडावर येतच नाही. अलीकडे जाळीतून काळे भुसभुशीत कण उडतात. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : हवा कुठे पाठवायची हे ठरवणाऱ्या झडपा डॅशबोर्डच्या आत असतात आणि साध्या पिकअपमध्ये त्या बटणाला तारेने जोडलेल्या असतात. बटण फिरवताना काहीच ताण जाणवत नसेल तर तार क्लिपमधून सुटली आहे. डॅशबोर्डखाली टॉर्च घेऊन वाकले की बहुधा दिसते, आणि काम दहा मिनिटांचे असते. बटण जड झाले असेल तर जोर लावू नये, प्लास्टिकचा दांडा तुटतो.

काळे कण ही वेगळी बाब आहे. झडपांच्या कडांना फोम चिकटवलेला असतो आणि उन्हात तापून तापून काही वर्षांत त्याची भुकटी होते. मग झडप बंद असूनही कडेने हवा निसटते, आणि तोंडाकडे जायची हवा काचेकडे व पायांकडे वाटली जाते. सोलापूरच्या उन्हात हे लवकर व्हावे यात नवल नाही. यावर बाहेरून उपाय नाही. एसीची पेटी उघडून फोम नव्याने लावावा लागतो आणि त्यात एक दिवस जातो. केवळ यासाठी डॅशबोर्ड उतरवावा असे मी म्हणणार नाही. पण कॉइल गळते म्हणून वा अन्य कारणाने तो उतरलाच, तर त्याच मजुरीत हे काम करून घेण्याची संधी सोडू नये.

प्रश्न : पावसाळ्यात एसी लावला की क्लीनरच्या पायाशी पाणी साचते आणि केबिनला कुबट वास येतो. हवाही मंद वाटते. (एक वाचक, देवगड)

उत्तर : कॉइलचे पाणी बाहेर नेणारी नळी तुंबली आहे. देवगडच्या दमट हवेत एसी चालू असताना गाडीखाली पाण्याची धार लागायला हवी. ती दिसत नसेल तर पाणी पेटीतच साचते, कॉइलचा तळ त्यात भिजत राहतो, तिथे बुरशी धरते आणि उरलेले पाणी आत गळते. इंजिनमागच्या पत्र्यातून खाली डोकावणारे नळीचे रबरी तोंड शोधावे. कच्च्या रस्त्याचा चिखल बहुधा तिथेच बसलेला असतो. तो बोटाने काढून, नायलॉनची दोरी थोडीशी आत सारून वाट मोकळी करावी. लोखंडी तार वापरू नये, कॉइलला भोक पडू शकते. वास पुन्हा येऊ नये म्हणून मुक्काम पाच मिनिटांवर आला की एसी बंद करून ब्लोअर चालू ठेवावा. कॉइल वाळलेली राहते.

प्रश्न : माझा भाऊ केळी घेऊन लांब जातो. रांगेत गाडी उभी असताना काचा बंद करून, एसी लावून झोपतो. हवा कमी येते म्हणून आतली हवाच फिरवत ठेवतो. हे बरोबर आहे का? (एक वाचक भगिनी, रावेर)

उत्तर : ताई, हे त्यांनी करू नये, आणि आज फोनवर बोलाल तेव्हाच त्यांना सांगावे. उभ्या गाडीचे इंजिन चालू असताना धुराच्या नळीला कुठे भोक असेल, गाडी भिंतीलगत किंवा शेडमध्ये उभी असेल, किंवा शेजारच्या मोटारींचा धूर साचत असेल, तर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरू शकतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे करत नाही. बाहेरच्या हवेची झडप बंद ठेवल्याने तो अडतो असेही नाही, कारण दरवाजांच्या आणि तळाच्या फटी उघड्याच असतात. शिवाय बंद केबिनमध्ये तीच हवा तासन्‌तास फिरली की उठल्यावर डोके जड होते आणि गाडी चालवताना गुंगी येते.

हवा कमी येण्याचे कारण वरील उत्तरांपैकी एखादे असेल. ते दिवसा, भाऊ जागे असताना शोधता येईल. झोपताना इंजिन बंद करावे, दोन्ही काचा चार बोटे खाली घ्याव्यात, डासांसाठी खिडक्यांना जाळी लावावी आणि बारा व्होल्टवर चालणारा छोटा पंखा घ्यावा. एवढा पंखा रात्रभर चालला तरी चांगली बॅटरी सकाळी गाडी सुरू करते. आणि धुराच्या नळीचे सांधे पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी वर उचलून तपासून घ्यायला त्यांना सांगावे.